न भरणारी जखम



पाड्यावरच्या तपासणी शिबिरात एका आजीने विचारले, “ताई, कॅन्सरची गाठ एवढी वाढते, तर तिला खायला कोण देतं?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपलेच शरीर देते, आणि फसून देते.

आपल्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात. एक पेशी प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण सोडते, शेजारची ते ओळखते व कामाला लागते. विळ्याने बोट कापले की अशाच निरोपांवर पांढऱ्या पेशी धावून येतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, तंतू विणणाऱ्या पेशी खपली खालचा भाग सांधतात. जखम भरली की निरोप बंद. कर्करोगाची पेशी नवी भाषा शिकत नाही. ती हेच निरोप पाठवते, फक्त थांबत नाही. म्हणून अमेरिकेतील डॉ. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटले.

रक्ताचेच पाहा. व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडून गाठ रक्तवाहिन्यांना आपल्याकडे ओढून घेते. रक्त मिळाले नाही तर गाठ काही मिलीमीटरच्या पुढे वाढू शकत नाही, असे डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. पुष्कळांनी तेव्हा ते मानले नाही! हा निरोप अडवणारे औषध अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले.

दुसरी फसवणूक पहारेकऱ्यांची. टी-पेशी गाठीपाशी पोहोचतात, तेव्हा पुष्कळ गाठी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करतात. जणू ‘मी घरचीच, हात लावू नको.’ पहारेकरी थंडावतो. त्याच्या अंगावरचा पीडी-१ हा खटका शोधणारे जपानचे तासुकु होंजो यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चे नोबेल मिळाले. यावरची औषधे निघाली आहेत, पण फार महाग, आणि सगळ्यांना लागूही पडत नाहीत.

आजीला मी यातले थोडेच सांगितले. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवायचा, एवढे मात्र दोनदा सांगितले.

तेव्हा तिने पदर बाजूला करून तोंड उघडले. मिश्रीचे बोट टेकते तिथेच, गालाच्या आत, पांढरा चट्टा होता. किती दिवसांपासून, विचारले. “भात लावला तेव्हापासून,” म्हणाली. भात कापून झाला होता. मंगळवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी जिल्ह्याच्या दवाखान्यात जात आहोत.