एकच दरवाजा लॉक होत नाही

प्रश्न : पावसाळ्यापासून माझ्या गाडीचा मागचा एक दरवाजा रिमोटने लॉक होत नाही, बाकीचे होतात. घरी दुरुस्त होईल का?

उत्तर : बहुतेक होईल. बाकीचे दरवाजे लॉक होतात म्हणजे रिमोट ठीक आहे, फ्यूजचाही दोष असण्याची शक्यता कमी. रिमोट दाबताना त्या दरवाजाला कान लावा. घरघर ऐकू येते पण खटका हलत नाही, तर लॅच अडकला आहे किंवा अ‍ॅक्च्युएटरचे (लॉक हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) प्लास्टिकचे गिअर झिजले आहेत. आवाजच नसेल तर दरवाजा आणि खांब यांमधली रबरी नळी सरकवून वायरी तपासा. सततच्या उघडझापीने त्या तिथेच तुटतात, आणि माणसे नवा अ‍ॅक्च्युएटर विनाकारण विकत घेतात.

लॅचमधला चिकटा डब्ल्यूडी-४०ने काढून पांढरे लिथियम ग्रीस लावा. नुसत्या डब्ल्यूडी-४०वर थांबू नका, त्याचे वंगण टिकत नाही. दार उघडे असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच बंद करून पाहा. हँडल ओढल्यावर सुटला, तरच दार लावा.

अ‍ॅक्च्युएटरसाठी दाराचे आतले पॅनेल काढायचे झाले तर काच आधी वर चढवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. आतला प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवा, नाहीतर पाणी गाडीत झिरपेल.