वेगवान मोटारसायकलीची घरगुती निगा व जुळणी

“सर, गाडी अधिक वेगानें पळावी म्हणून काय करावें?” असा प्रश्न वरच्या इयत्तांतील मुलें विज्ञानाच्या तासाला पुष्कळदां विचारतात. प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे, तेव्हां तो टाळण्याचें कारण नाहीं. मात्र त्याचें खरें उत्तर मुलांच्या अपेक्षेहून निराळें आहे. गाडी कारखान्यांतून बाहेर पडते त्या वेळीं तिच्या अंगीं जें सामर्थ्य असतें, त्याचा बराच भाग मालकाच्या हयगयीमुळें हळूहळू नाहींसा होतो. हें गेलेलें सामर्थ्य परत मिळविणें यालाच जुळणी, अथवा मेकॅनिकांच्या भाषेंत ‘ट्यूनिंग’ म्हणावें. सतारीच्या तारा उतरल्या म्हणजे वादक खुंट्या पिळून त्या पुन्हा सुरांत आणतो; सतारीचा आवाज मोठा व्हावा म्हणून तिचा भोपळा फोडीत नाहीं.

उदाहरणादाखल यामाहा कंपनीची ‘आर-१५’ ही गाडी घेऊं. ती २००८ सालीं भारतांत विक्रीस आली. तिच्या पहिल्या नमुन्यांत एकच सिलिंडर असून त्याचा व्यास ५७ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ५८.७ मिलिमीटर होती. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धांवेनें गुणून पाहा. उत्तर सुमारें १५० घन सेंटिमीटर येईल. २०१८ सालच्या नमुन्यांत व्यास ५८ मिलिमीटर करण्यांत आला आणि घनफळ १५५ घन सेंटिमीटर झालें. या इंजिनाची कमाल शक्ति मिनिटाला १०,००० फेऱ्या होत असतांना मिळते. एका फेरींत दट्ट्या एकदां वर व एकदां खालीं जातो. त्यावरून हिशेब केल्यास त्याची सरासरी गति सेकंदाला सुमारें साडेएकोणीस मीटर भरते. प्रत्येक झडप त्याच वेळीं सेकंदाला सुमारें ८३ वेळां उघडते व मिटते. इतक्या घाईनें चालणाऱ्या यंत्रांत लहानशा चुकीची शिक्षाही लवकर मिळते, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

कामापूर्वींची खबरदारी

गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका हें पहिलें हत्यार होय. तेल किती घालावें, साखळी किती सैल असावी, टायरांत हवा किती भरावी, हे आंकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात; ते शेजाऱ्याच्या तोंडून न घेतां पुस्तिकेंतून घ्यावे. दुसरें हत्यार म्हणजे योग्य मापाचे पाने. सैल बसणाऱ्या पान्यानें नटाचे कोपरे झिजतात, व मग तो नट कोणत्याच पान्याला दाद देत नाहीं. इंजिनाचें कवच ॲल्युमिनियमचें असतें. त्यांत पोलादी बोल्ट अंगांतील सर्व जोर लावून आवळल्यास कवचांतील आटे उखडतात, आणि दहा मिनिटांच्या कामाचें हजारों रुपयांचें काम होतें. म्हणून महत्त्वाचे बोल्ट टॉर्क-पान्यानें, पुस्तिकेंत दिलेल्या मापाइतकेच आवळावे.

काम मोकळ्या हवेंत करावें. बंद खोलींत इंजिन चालू ठेवणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणें होय. कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते. तेव्हां जवळपास स्टोव्ह, देवघरांतील समई किंवा पेटती विडी नसावी.

तेल

तेलाचीं कामें तीन: घर्षण कमी करणें, उष्णता वाहून नेणें व मळ आपल्यांत धरून ठेवणें. बहुतेक मोटारसायकलींत हेंच तेल गिअर व क्लच यांनाही पुरवावें लागतें. क्लचच्या चकत्या तेलांत बुडूनही एकमेकींस घट्ट धरून राहाव्या लागतात. मोटारगाड्यांच्या कांहीं तेलांत घर्षण अतिशय कमी करणारीं द्रव्यें असतात. तीं तेलें येथें घातल्यास क्लच घसरूं लागतो. यासाठीं डब्यावर ‘जासो एमए’ असें चिन्ह असलेलें, पुस्तिकेंत सांगितलेल्या जाडीचें तेल घ्यावें. तेलाची पातळी पाहतांना इंजिन थोडें चालवून बंद करावें, कांहीं मिनिटें थांबावें, आणि गाडी सरळ उभी धरून मग पाहावें. तिरप्या स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते. काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. तें डब्यांत भरून जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

या गाडीचें इंजिन पाण्यानें थंड होतें. गरम असतांना रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील द्रव दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांहून अधिक तापलेला असूनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब जातो व तो एकदम उसळून तोंडावर येतो. या द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोड पण विषारी आहे, म्हणून लहान मुलें व पाळीव जनावरें यांपासून तें दूर ठेवावें.

साखळी

घरीं करण्याजोग्या कामांत साखळीचें काम सर्वांत उपयुक्त, आणि निष्काळजी हातांना सर्वांत घातक आहे. इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्यें टाकून फिरत्या साखळीला फडकें लावण्याची रीत अनेक ठिकाणीं दिसते. फडकें साखळींत सांपडलें कीं बोटें दात्यांखालीं ओढलीं जातात. हात मागें घेण्यास वेळच मिळत नाहीं. याकरितां नियम असा: इंजिन बंद, किल्ली खिशांत, गाडी न्यूट्रलमध्यें, आणि चाक हातानें फिरवावयाचें.

मागचें चाक स्टँडवर उचलून साखळी रॉकेलनें व मऊ ब्रशानें धुवावी. तारेचा ब्रश वापरूं नये, कारण कड्यांतील रबरी ओ-रिंगा त्यानें फाटतात. पेट्रोलनेंही त्या खराब होतात, शिवाय आगीचें भय असतेंच. पुसून कोरडी झाल्यावर साखळीच्या आंतल्या बाजूस वंगण द्यावें, म्हणजे फिरतांना तें बाहेरच्या बाजूकडे पसरतें.

नंतर सैलपणा मोजावा. दोन्ही दातेरी चाकांच्या मधोमध साखळी बोटानें वर-खालीं करून मोजपट्टीनें अंतर पाहावें. चाक थोडथोडें फिरवून चारपांच ठिकाणीं हें माप घ्यावें. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. जेथें ती सर्वांत ताठ असेल तेथील माप खरें धरावें. फार सैल साखळी दात्यांवरून उडते. फार ताठ साखळी त्याहून वाईट. मागचें चाक खड्ड्यांत वर-खालीं होतें तेव्हां साखळीवरील ताण वाढतो, आणि सैलपणा शिल्लक नसला तर तो सर्व ताण गिअरपेटीच्या बेअरिंगवर पडतो. चाक मागें-पुढें करतांना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या, आणि एक्सलचा नट आवळल्यावर माप पुन्हा घ्यावें, कारण आवळतांना तें बदलतें.

टायर व ब्रेक

टायरांतील हवा गाडी थंड असतांना, प्रवासापूर्वीं मोजावी. हवा कमी असली म्हणजे टायर अधिक चेपतो व तापतो, गाडी वळणावर जड होते आणि पेट्रोल वायां जातें. अनेकांना इंजिन अशक्त झाल्यासारखें वाटतें. खरा दोष टायरांत अथवा घासणाऱ्या ब्रेकांत असतो. मागचें चाक उचलून हातानें फिरवून पाहा. तें सहज फिरत नसेल तर इंजिनाची शक्ति कोठें जाते हें तुम्हांला समजेल. टायरच्या खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली कीं टायर बदलावा.

ब्रेकच्या द्रवाविषयीं फार थोड्या घरांत माहिती असते. हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या द्रवासाठीं तोच आंकडा १५५ अंशांवर येतो. घाट उतरतांना ब्रेक सारखे दाबल्यानें ते तापतात. द्रव उकळला कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात, व बुडबुडे दाबले जात असल्यामुळें लीव्हर मुठीपर्यंत येऊनही ब्रेक लागत नाहीं. म्हणून द्रव स्वच्छ दिसला तरी साधारण दोन वर्षांनीं बदलावा. पातळी पाहणें व पॅड किती झिजले हें पाहणें घरीं करावें. द्रव बदलून नळींतील हवा काढण्याचें काम जाणत्या मेकॅनिकाकडे सोंपवावें.

वेगाची हौस असणाऱ्यांनीं पुढील गणित वहींत मांडावें. चांगल्या ब्रेकांनीं गाडीचा वेग सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दरानें कमी होतो असें धरूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी थांबण्यास सुमारें १० मीटर अंतर लागेल. ताशीं ८० किलोमीटरला सुमारें ४१ मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. यांत धोका डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचें अंतर धरलेलेंच नाहीं.

इंजिनाची जुळणी

एक भार पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. धुळीनें भरलेली हवेची गाळणी हवेची वाट अडविते, व इंजिनाचा श्वास कोंडतो. फोमची गाळणी धुवून पुन्हा वापरतां येते. तेल लावलेल्या कागदाची गाळणी धुवूं नये, बदलावी. गाळणी काढून टाकल्यानें शक्ति वाढते अशी समजूत आहे. प्रत्यक्षांत बारीक धूळ आंत जाऊन सिलिंडरची भिंत खरवडली जाते.

जुन्या गाड्यांत कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून हवा व पेट्रोल यांचें प्रमाण बसवीत. आर-१५ मध्यें हें काम संगणक करतो. तेथें हातानें फिरविण्याजोगें फार थोडें उरलें आहे. तथापि स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचें टोंक फिकट तपकिरी असल्यास जळण ठीक आहे. कोरडी काजळी असल्यास पेट्रोल अधिक जळत आहे. झडपांचें अंतर मात्र अनुभवी माणसानें, इंजिन थंड असतांना मोजावें. धातु तापून वाढतो, म्हणून हें अंतर ठेवलेलें असतें. तें अगदीं कमी झालें तर झडप पुरती मिटत नाहीं व तिची कड जळते. फार वाढलें तर टकटक आवाज येतो.

आतां आवाजाविषयीं. सायलेन्सर कापून किंवा बदलून गाडी गर्जूं लागते, आणि गर्जना म्हणजेच शक्ति असा भास होतो. वास्तविक कारखान्यानें हवेचें येणें व धुराचें जाणें यांचा मेळ घालूनच इंजिन सिद्ध केलेलें असतें. एक बाजू मोडल्यानें पुष्कळदां शक्ति घटते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, व कलम १९० अन्वयें ध्वनि आणि धूर यांचे नियम मोडणें हा गुन्हा आहे. त्याहून साधी गोष्ट अशी कीं, रात्रीं त्या आवाजानें दचकून उठणारा एखादा आजारी वृद्ध आपल्याच गल्लींत असतो.

पालकांस एक सूचना

गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना १८ वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत आलेल्या कलम १९९-अ प्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते. चालविण्यास अशी वयाची अट आहे; पाना धरून यंत्र समजून घेण्यास ती नाहीं. मुलाला गाडीची ओढ असेल तर केवळ “हात लावूं नकोस” म्हणून भागत नाहीं. रविवारीं दुपारीं अंगणांत त्याला व त्याच्या बहिणीलाही शेजारीं बसवून साखळी धुण्यास लावा. ज्याला ब्रेकचें पॅड किती पातळ झालें हें ठाऊक आहे, त्याचा हात पुढें रस्त्यावर आपोआप आवरला जातो.

शेवटीं, एक साधी वही करावी. तींत तारीख, गाडीचे किलोमीटर, केलेलें काम व घेतलेलीं मापें लिहावीं. आठवड्यास टायरांतील हवा, तेल, ब्रेक, दिवे व साखळी एवढें पाहण्यास पंधरा मिनिटें पुरतात. वर्षभर नेमानें लिहिलेली अशी वही चाळल्यास, कोणता भाग किती दिवसांनीं झिजतो हें मुलांना स्वतःच्या नोंदींवरूनच कळूं लागेल, व विज्ञानाचा अभ्यास याहून वेगळा नाहीं.