मधल्या जागेवर खेळणाऱ्या भाच्यास

पिट्सबर्ग

चि. चिन्मय,


ताईचा फोन आला होता. उंची कमी म्हणून कोचने तुला कडेवरून काढून मधे, डिफेन्सिव्ह टॅकलला घातलंय आणि तू घुम्यासारखा बसलायस म्हणे. आता क्वार्टरबॅकला पाडून सॅक मिळवता येणार नाहीत, हे तुझं दुःख.

तुझ्याच जागेवर खेळणारा ॲरन डॉनल्ड इथलाच, पेन हिल्सचा. २०१४च्या ड्राफ्टच्या वेळी त्याच्याबद्दलही हेच बोलत होते: सहा फूट एक इंच, २८५ पौंड, आतल्या जागेला लहान पडेल. आदल्या वर्षी कॉलेजात बचावपटूंचे मोठे पुरस्कार मिळवूनही बारा जण त्याच्याआधी निवडले गेले. रॅम्स संघाने घेतलं, तरी पहिले काही सामने तो बाकावरूनच उतरला. पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला तो हाच.

लाइनवर जो खाली राहतो त्याचं फावतं. पट काढणारा मल्ल शिरतो तसं गार्डच्या छातीखाली शिरायचं, आणि त्याचे पंजे तुझ्यावर बसायच्या आत झटकून टाकायचे. डॉनल्ड शाळेत असताना पहाटे साडेचारला उठून वडिलांबरोबर तळघरात वजनं उचलायचा, ते सगळे कौतुकाने सांगतात. मला त्याच्या हातांच्या सरावाचं जास्त अप्रूप आहे. समोरचा नकली चाकू घेऊन अंगावर यायचा आणि हा त्याचे हात उडवून लावायचा. (हे घरी करू नकोस. ताई मला सोडणार नाही.)

आता सॅकचं. मधे खेळणाऱ्यावर गार्ड आणि सेंटर दोघं मिळून येतात. तू त्या दोघांना अडकवून ठेवलंस की कडेचा तुझा मित्र एकट्याशी भिडतो. सॅक त्याच्या नावावर लागतो. लागू दे. २०२२च्या सुपर बोलमध्ये शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं, बेंगल्सना चौथ्या डाउनवर एक यार्ड हवा होता. डॉनल्डने त्यांचा क्वार्टरबॅक बरो याला धरून गरकन फिरवलं, चेंडू कसाबसा सुटला आणि कुणाच्याच हाती लागला नाही. रॅम्स २३-२०ने जिंकले. कागदावर तो नुसता अपुरा पास, सॅक नव्हे. सामनावीर तर रिसीव्हर कूपर कप ठरला. पण त्या रात्रीचा तो डाव कुणाचा, हे फुटबॉल कळणाऱ्या कुणालाही विचार.

एक गोष्ट मात्र रागावून सांगतो. डोकं खाली घालून धडकायचं नाही. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्याच क्षणी ट्रेनरला सांगायचं, सामना कुठलाही असो. थांबणं म्हणजे हार नव्हे; डॉनल्डही भरात असताना बत्तिसाव्या वर्षी थांबला. तुझी तर अजून हाडं वाढताहेत. आणि वजन वाढवायला बर्गर नकोत, ताईच्या हातचं वरण-भात-अंडी पुरेत.

शुक्रवारच्या सामन्याचा व्हिडिओ पाठव, सगळा पाठव, नुसते तुझे चांगले डाव नकोत. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा