शनिवारी उरलेली मुलं

पिट्सबर्ग

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

स्काउटिंगच्या नोकरीच्या अर्जाला जोडायचे तुझे रिपोर्ट वाचले. मी काही त्या धंद्यातला नाही. स्टीलर्सच्या गावात राहून पदरचे पैसे घालून मॅच बघणारा माणूस. पण विचारलंस म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. एनएफएल ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतले जे वाइड रिसीव्हर तू निवडलेस, त्यांतल्या तिघांपुढे ‘पुढचा अँटोनियो ब्राउन’ असं लिहिलंयस. आधी ते खोड.

ब्राउन 2010 साली सहाव्या फेरीत, 195 व्या क्रमांकावर आमच्याकडे आला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी तिसऱ्या फेरीत इमॅन्युएल सँडर्स हा रिसीव्हर आधीच उचलला होता, हे किती जण सांगतात? ब्राउन पुढे काय करणार हे त्याला घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सहाव्या फेरीपर्यंत थांबले असते का? न्यू ऑर्लिन्सचं 2006 चं उदाहरण तर याहून बोलकं. सेंट्सनी सहाव्या फेरीत माइक हास घेतला. आदल्याच मोसमात कॉलेजमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार मिळवलेला मुलगा. मग सातव्या फेरीत, 255 पैकी 252 व्या क्रमांकावर, हॉफ्स्ट्रा विद्यापीठाचा मार्केस कोल्स्टन. हासचं तिथे बस्तान बसलं नाही. कोल्स्टनने पहिल्याच मोसमात हजारावर यार्ड काढले आणि पुढे त्याच संघाबरोबर सुपर बोल जिंकला. (हॉफ्स्ट्राने 2009 मध्ये फुटबॉलच गुंडाळलं, तो भाग वेगळा.)

कोल्स्टनच्या अंगात गुण होतेच. पण त्या वर्षी कोच शॉन पेटन नवा, क्वार्टरबॅक ड्रू ब्रीस नवा, आणि मोसम तोंडावर आला असताना संघाने आपला एक प्रमुख रिसीव्हर फिलाडेल्फियाला देऊन टाकला. जागा रिकामी झाली तेव्हा हा तिथे तयार उभा होता. तुझ्या रिपोर्टांत मुलाच्या पंजाची लांबीसुद्धा आहे, पण कोणत्या संघात त्याच्यासाठी जागा निघेल यावर चकार शब्द नाही. ते लिही. विशेषणं कमी कर, आपोआप जागा होईल.

आता खोट. पहिली फेरी गुरुवारी, दुसरी-तिसरी शुक्रवारी आणि उरलेल्या चार शनिवारी. शनिवारपर्यंत जो उरला त्याच्यात काहीतरी खोट आहे, निदान 32 संघांना तसं वाटतं. ती खोट रिपोर्टच्या पहिल्या वाक्यात आली पाहिजे. पूका नाकुआ 2023 मध्ये पाचव्या फेरीत 177 वा गेला, कारण कॉलेजात दुखापतींनी त्याची पाठ सोडली नव्हती. रॅम्ससाठी पहिल्याच मोसमात त्याने 105 झेल आणि 1,486 यार्ड केले. नवख्या खेळाडूसाठी तेव्हा दोन्ही विक्रम ठरले. एमन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीपर्यंत लोंबकळला, कारण ना उंची डोळ्यांत भरणारी, ना वेग. त्याच्या आधी गेलेल्या सोळा रिसीव्हरांची नावं तो आजही घडाघडा म्हणून दाखवतो. ही खुन्नस कुठल्या घड्याळात मोजणार होते?

घड्याळावरून आठवलं. चाळीस यार्डांच्या धावेच्या आकड्याला तू फार भुलतोस. झेव्हियर वर्दीने 2024 च्या कम्बाइनमध्ये 4.21 सेकंदांचा विक्रम केला आणि तो पहिल्या फेरीतच गेला. असला वेग शनिवारपर्यंत सहसा उरत नाही. त्याच्या आधीचा 4.22 चा विक्रम जॉन रॉसचा. त्याला सिनसिनाटीने 2017 मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच्या कारकिर्दीचं पुढे काही झालं नाही. आमच्या गावची जुनी गोष्ट मात्र ऐक. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचे संपादक. पुढे ते स्टीलर्सचे स्काउट झाले, आणि दुसरे संघ जिकडे फारसे फिरकत नसत अशा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत त्यांना घरच्यासारखा प्रवेश असे. 1974 च्या ड्राफ्टआधी अलाबामा ए अँड एममध्ये जॉन स्टॉलवर्थला पळवून बघायला बऱ्याच संघांची माणसं जमली. मैदान ओलं, वेळ सुमार. बाकीचे आकडा टिपून पुढच्या गावी गेले. नन म्हणाले, मला बरं वाटत नाही, आणि मागे राहिले. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी त्यांनी त्याला पुन्हा पळवला, असं इथे अजून सांगतात. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीत मिळाला, त्याने चार सुपर बोल जिंकले आणि 2002 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ननना तो मान मिळायला 2021 उजाडलं; तेव्हा ते हयात नव्हते.

म्हणून आकडा लिहिताना मैदान कसलं होतं, दिवस कुठला, मुलगा दुखापतीतून उठलेला होता का, तेही टिप. मग फिल्म लाव आणि चेंडू त्याच्याकडे जात नाही ते प्ले बघ. कॉर्नरबॅक तोंडासमोर उभा राहून छातीवर हात टाकतो, तेव्हा आपला मुलगा काय करतो? हात झटकून पाय पुढे टाकतो, की जागच्या जागी नाचत बसतो? वळण घ्यायच्या आधी त्याची छाती वर येते का? येत असेल तर कॉर्नरला आधीच चाहूल लागते, आणि कॉलेजच्या पोरांना चकवणारा रूट रविवारी, एनएफएलमध्ये, उपयोगाचा नाही. तिसऱ्या डाउनला सहा यार्ड हवे असताना हा पाच यार्डांवर वळत असेल तर तेही लिही. चेंडू घेऊन पळणारा दुसऱ्या बाजूने गेला तर हा ब्लॉक करतो की कमरेवर हात ठेवून बघत राहतो, हे मी सगळ्यात आधी बघेन.

याला कारण आहे. संघात माणसं 53, त्यांत रिसीव्हर पाच किंवा सहा. पहिले तिघं झेल घेतात. पाचव्या-सहाव्याला स्पेशल टीम्समध्ये राबावं लागतं, नाहीतर प्रॅक्टिस स्क्वाड किंवा घर. मॅथ्यू स्लेटर 2008 मध्ये पाचव्या फेरीत रिसीव्हर म्हणून न्यू इंग्लंडला आला. सबंध कारकिर्दीत झेल घेतला एक! पण पंटमागे धावून समोरच्याला लोळवण्यात असा पटाईत, की दहा वेळा प्रो बोलमध्ये निवडला गेला. तुझ्याच ओहायोतल्या केंट स्टेटचा ज्युलियन एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता. 2009 मध्ये 232 वा गेला, आणि पंट परत आणता आणता मोठा झाला. 2024 पासून किकऑफचा नियम बदलल्यावर परतीच्या धावेला पुन्हा किंमत आली आहे. तुझ्या रिपोर्टांत स्पेशल टीम्सचा रकाना कोरा आहे. कोरा रकाना बघून कोणताही जुना स्काउट कागद बाजूला ठेवेल.

एक नाजूक गोष्ट. एका मुलाबद्दल तू ‘मैदानाबाहेरचे काही प्रश्न’ एवढंच लिहून सुटलायस. असं गुळमुळीत लिहू नकोस. टायरीक हिल 2016 मध्ये पाचव्या फेरीपर्यंत उरला, कारण त्याने गर्भवती मैत्रिणीवर हात टाकल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला होता. कॅन्सस सिटीने तरी घेतलं, आणि तो उत्तम खेळला. खेळला म्हणून घेणं बरोबर ठरलं, असं मला आजही वाटत नाही. तुझं मत वेगळं असू शकेल. निर्णय वरचे लोक घेतील. त्यांच्यासमोर आरोप काय, कबुली काय, शिक्षा काय, हे सरळ मांडणं एवढं तुझं काम, आणि त्यात खेळाचं कौतुक मिसळायचं नाही.

तो गळ्याचं हाड मोडलेला स्लॉटचा मुलगा तू सातव्या फेरीत टाकलायस. मी त्याला पाचव्यात घेईन. त्याच्या ब्लॉकिंगची फिल्म पुन्हा बघ आणि नाही पटलं तर का ते कळव, भांडू. बाकीचे रिपोर्ट एकेका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस.

तुझा
मामा