साथीच्या दिवसांतील प्रशिक्षणवर्ग



तालुक्यातील तीस-चाळीस गावांचे शिक्षक सकाळी एका खोलीत एकत्र येतात, दिवसभर एकत्र बसतात आणि सायंकाळी आपापल्या गावी परततात. प्रशिक्षणवर्गाची सारी उपयुक्तता यातच आहे. एका ठिकाणी शिकविलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी चाळीस शाळांत पोचते. परंतु साथीच्या दिवसांत रोगासही हीच वाट मोकळी असते. एका खोलीत झालेला संसर्ग चाळीस गावांतील मुलांपर्यंत, आणि त्या मुलांच्या घरातील वृद्धांपर्यंत पोचू शकतो. यास्तव वर्ग भरविणाऱ्याने व वर्गास जाणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. पण श्वासावाटे पसरणाऱ्या साथी पुन्हा कधीच येणार नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही. तयारी ही शांततेच्या काळातच करावयाची असते.

१. रोगाचा मार्ग ओळखावा

प्रत्येक रोगाची पसरण्याची वाट निराळी असते, आणि उपाय त्या वाटेवरच योजावा लागतो. पटकी दूषित पाण्यातून पसरते. तेथे पाणी उकळणे हा उपाय होय. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सर्वमान्य होण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. कोविडच्या बाबतीतही प्रारंभी पुष्कळ श्रम टेबले, खुर्च्या व दारांच्या कड्या पुसण्यात खर्ची पडले. वस्तूंच्या स्पर्शाने होणारा संसर्ग त्या मानाने अल्प असतो. रोग्याच्या श्वासातून, बोलण्यातून व खोकण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण हीच त्याची मुख्य वाट होय. त्यांतील मोठे थेंब लवकर खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र उदबत्तीच्या धुराप्रमाणे बंद खोलीत दीर्घकाळ तरंगत राहतात. हात धुण्याची सवय इतर अनेक रोगांसाठी हितकारकच आहे. पण केवळ हात धुतल्याने खोलीतील हवा शुद्ध होत नाही.

२. एक बोधप्रद घटना

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे म्हटले. त्याच्या आदल्याच दिवशी, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन या गावी एका गायकवृंदाची तालीम होती. ६१ मंडळी जमली. दाराशी हातांस लावण्यासाठी जंतुनाशक ठेवलेले होते. हस्तांदोलन व आलिंगन मंडळींनी टाळले होते. तालीम अडीच तास चालली. जमलेल्यांपैकी एकास काही दिवसांपासून सर्दीसारखा त्रास होत होता. पुढील काही दिवसांत ५३ जण आजारी पडले. त्यांपैकी ३३ जणांचा रोग तपासणीने सिद्ध झाला व २० जणांचा संभाव्य मानला गेला. तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले, दोघे दगावले.

त्या मंडळींनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. त्या वेळी जे ठाऊक होते, ते त्यांनी केले होते. हात राखले गेले. हवा मात्र सर्वांची एकच राहिली. बंद जागा, मोठी संख्या, दीर्घ वेळ आणि मोठा आवाज ही चारही कारणे तेथे एकत्र आली होती. आपल्या प्रशिक्षणवर्गातही ही चारही असतात, हे ध्यानात धरावे.

३. खोलीतील हवेचे गणित

वीस फूट लांब, वीस फूट रुंद व दहा फूट उंच अशी शाळेची खोली घ्या. तिच्यात ४,००० घनफूट, म्हणजे सुमारे १,१३,००० लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे ७ लिटर हवा आत घेतो व बाहेर सोडतो. ४० शिक्षक पाच तास बसले, तर ४० × ७ × ३०० = ८४,००० लिटर हवा त्यांच्या फुप्फुसांतून जाते. खिडक्या बंद असतील, तर छातीतून येऊन गेलेल्या हवेचे हे एकूण माप खोलीतील हवेच्या सुमारे पाऊणपट भरते. संख्या निम्मी केली, की हा आकडाही निम्मा होतो.

आता खिडक्या उघडून पाहू. बाहेरची नवी हवा आत येताना जुन्या हवेत मिसळत जाते. म्हणून तासाभरात खोलीच्या आकारमानाइतकी हवा आत आली, तरी जुन्या हवेचा सुमारे ३७ टक्के भाग उरतोच. तिप्पट हवा आली, तर सुमारे ५ टक्के उरतो. यासाठी एकच खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोरील दारे-खिडक्या उघडल्या म्हणजे वारा आरपार वाहतो. खिडक्या बंद ठेवून छताचा पंखा लावल्यास तो आतलीच हवा फिरवीत राहतो, ती बदलत नाही.

४. वर्गाची मांडणी

चाळीसांची एक तुकडी करण्याऐवजी वीस-वीसांच्या दोन कराव्यात. शक्य तेथे व्हरांडा, मांडव अथवा झाडाची सावली निवडावी. प्रार्थना व समूहगीत मैदानावरच व्हावे, कारण गाताना व मोठ्याने बोलताना कण अधिक प्रमाणात बाहेर पडतात. साधनव्यक्तीसाठी लहानसा ध्वनिवर्धक असावा, म्हणजे ओरडून बोलावे लागत नाही. नाक व तोंड दोन्ही झाकणारा, कडेने फट न राहणारा मास्क सर्वांनी लावावा. हनुवटीवर उतरविलेला मास्क व्यर्थ होय. व्याख्यानाचा जो भाग छापून वा भ्रमणध्वनीवरून आधी पाठविता येईल, तो तसा पाठवावा, आणि समोरासमोर बसूनच साधणाऱ्या कृतींसाठी वर्गाची वेळ राखावी. भोजनसमयी मास्क उतरलेले असतात व गप्पा रंगतात. म्हणून भोजन उघड्यावर, अंतर राखून व गटागटाने व्हावे.

५. हजेरी आणि ताप

वरील सर्व व्यवस्था उत्तम केली, तरी एक गोष्ट तिच्यावर पाणी फिरवू शकते, ती म्हणजे हजेरीची धास्ती. वर्गास उपस्थिती अनिवार्य, गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा, अशी आज्ञा हाती असलेला शिक्षक अंगात कणकण असता काय करील? तो तापाची गोळी घेऊन निघेल. गोळीने ताप उतरतो. दारावरील तापमापकास काहीच दिसत नाही. रोग मात्र वर्गात येऊन बसतो. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी दोन दिवसांपासूनही रोगी दुसऱ्यास संसर्ग देऊ शकतो. म्हणून दारावरील तपासणीवर सर्व भिस्त ठेवू नये.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. वर्गाच्या आज्ञापत्रातच पुढील आशयाचे वाक्य असावे: “ताप, खोकला वा घसादुखी असलेल्या, अथवा घरात असा रुग्ण असलेल्या शिक्षकाने वर्गास येऊ नये, त्याची गैरहजेरी गणली जाणार नाही व त्यास पुढील तुकडीत घेतले जाईल.” पुढील तुकडीचा दिनांकही त्याच पत्रात द्यावा, म्हणजे आश्वासन खरे वाटते. साधनव्यक्तीसही हाच नियम लागू असावा, आणि त्यासाठी एक राखीव साधनव्यक्ती आधीच ठरवून ठेवावी. पत्रात असे वाक्य नसेल, तर शिक्षकाने केंद्रप्रमुखांस ते विनयपूर्वक पण स्पष्टपणे विचारावे. आपल्या वर्गातील आजारी मुलास आपण घरी पाठवितो. तोच न्याय आपणांसही लावण्यात कर्तव्यच्युती नाही.

६. वर्ग संपल्यावर

हजेरीपटावर प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. वर्गानंतरच्या आठवड्यात कोणी आजारी पडल्यास त्याने वर्गप्रमुखास कळवावे. वर्गप्रमुखाने इतरांस सावध करावे; रुग्णाचे नाव मात्र जाहीर करू नये. नाव चव्हाट्यावर आले, की पुढच्या वेळी कोणी कळविणार नाही.

स्वाध्याय

(१) आपल्या शाळेतील वर्गखोलीचे घनफळ काढा. २० व ४० माणसे तेथे तीन तास बसल्यास किती लिटर हवा श्वासात जाईल, ते सातवीच्या मुलांकडून सोडवून घ्या.

(२) दोन समोरासमोरील खिडक्या उघडून मध्यभागी उदबत्ती लावा. धूर कोणत्या दिशेने जातो, ते पाहा. नंतर एक खिडकी बंद करून फरक नोंदवा.

(३) आपल्या केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेसाठी आज्ञापत्राचा नमुना तयार करा. आजारी शिक्षकासंबंधीचे वाक्य त्यात कोठे घालाल, म्हणजे ते वाचल्यावाचून राहणार नाही?