शिंगराचं पोट, घोडीची कास

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्यातल्या या घोडेबाजारात घासाघीस होते ती रंगावर, उंचीवर आणि अंगावरच्या भोवऱ्यांवर. तिथली एखादी गाभण घोडी टेम्पोतून पनवेलजवळ नेरे-धोदाणीकडच्या वाडीवर उतरली, की पहिल्यांदाच घोडी पाळणारा मालक शिंगराच्या कपाळावर टिळा असेल का याचा विचार करू लागतो. विचार खरं तर घोडीच्या कासेचा करायला हवा. शिंगराच्या पोटाचं निम्मं दुखणं तिथे आधी दिसतं.

घोडी साधारण अकरा महिन्यांनी, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास विते. वासराप्रमाणे शिंगरालाही आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. चिकात कोणत्या रोगांशी लढणारी द्रव्यं उतरणार, हे घोडी शेवटचे आठवडे कुठे राहिली यावर ठरतं. तापीकाठच्या कोरड्या हवेतून घोडी आदल्या आठवड्यात पनवेलला आणली, तर तिच्या चिकात इथल्या गोठ्यातल्या जंतूंची ओळख नसते. म्हणून तिला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी जागेवर आणावं आणि धनुर्वाताची लस त्याच सुमारास टोचून घ्यावी.

व्याल्यावर घड्याळ हाताशी ठेवावं. तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत घोडीची जार बाहेर, असा साधा हिशेब. गायी-म्हशी सांभाळलेला माणूस इथेच चुकतो. जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही ही जुनी समजूत तो घोडीलाही लावतो, आणि चीक म्हटला की त्याला खरवस आठवतो. घोडीचा चीक मुळात थोडा, आणि शिंगराचं आतडं त्यातली द्रव्यं पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत चांगली शोषतं. चोवीस तासांनी ते दार बंदच होतं. घोडीच्या कासेतून व्यायच्या आधीच दूध गळत असेल, तर चीक जमिनीत गेला असं समजून डॉक्टरांना तेव्हाच कळवावं. शिंगराला पुरेसा चीक मिळाला की नाही हे पहिल्या दिवसाच्या अखेरीस रक्ताच्या चाचणीत कळतं. तो कमी पडला असेल, तर शिरेतून प्लाझ्मा द्यावा लागतो. ते घरचं काम नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. पण रात्री-अपरात्री घोड्याला तपासणारं जवळचं कोण, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

पहिली लीद काळपट, चिकट आणि गोळ्यांसारखी असते. ती बारा तासांत पडायला लागावी आणि मागून पिवळसर, मऊ लीद यावी. शिंगरू शेपटी उचलून, पाठीला बाक काढून कुंथत असेल, लोळत असेल, तर ती आत अडकली आहे. नर शिंगरांमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्यांचा कटिभाग अरुंद असतो. अशा वेळी एरंडेल अजिबात पाजू नये. त्याने आतड्याचं अस्तर सोलवटतं. बोट घालून लीद उकरू नये. औषधाच्या दुकानातला फॉस्फेट एनिमा डॉक्टरांना विचारून एकदाच द्यावा. पुन्हापुन्हा दिला तर रक्तात फॉस्फेट चढतं.

आठवडाभराने बहुतेक शिंगरं पातळ हगतात. घोडी त्याच सुमारास माजावर येत असल्याने दोष तिच्या दुधावर जातो, पण खरं कारण आतड्यात नवे जंतू वस्तीला येणं हे आहे. याच वयात शिंगरू आईची ताजी लीद खातं. बघणाऱ्याला किळस येते, पण त्याला मारून हटवू नये. पचनाला लागणारे जंतू त्याला तिथूनच मिळतात. बागडणाऱ्या, पिणाऱ्या शिंगराची ही हगवण आपोआप थांबते. शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं की पुरे.

पण सकाळी पागेत गेल्यावर घोडीची कास टम्म फुगलेली, सडांतून दूध ठिबकतंय, शिंगरू खालीच उभं आणि कपाळावर वाळलेल्या दुधाचे पांढरे ओघळ, असं दिसलं तर थांबू नये. याचा अर्थ ते कासेखाली जातं, पण पीत नाही. पान्हा त्याच्या तोंडावर सांडतो. निरोगी शिंगरू तासात अनेकदा पितं. त्यात ताप १०२ अंश फॅरेनहाइटच्या वर असेल, लिदीत रक्त असेल किंवा ते दात खात असेल, तर रोटाव्हायरस, क्लॉस्ट्रिडियम, साल्मोनेला किंवा जठरातला व्रण यांपैकी काहीही असू शकतं. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलवावं. पनवेलच्या एप्रिल-मेच्या घामट उकाड्यात शिंगराच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं.

घोडी मेली किंवा आटली, तर शेजारून म्हशीचं दूध आणण्याचा मोह आवरावा. घोडीच्या दुधात स्निग्धांश जेमतेम दोन टक्के आणि साखर जास्त. म्हशीचं दूध याच्या उलट. अडीअडचणीला शेळीचं दूध चालतं. नाहीतर दोन टक्के स्निग्धांशाच्या गायीच्या दुधात लिटरमागे २० ग्रॅम डेक्स्ट्रोज घालावं. घरातली साखर किंवा गूळ नको. तान्ह्या शिंगराला ती साखर पचत नाही. दूध पसरट भांड्यात ठेवून पिण्याची सवय लावावी. मान वर करून ढोसलं की ते फुप्फुसात जातं.

उरले जंत. एक बारीक जंत घोडीच्या दुधातून शिंगरात उतरतो, म्हणून घोडी व्याल्यावर लगेच तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन देतात. फेब्रुवारी-मार्चमधलं शिंगरू पावसाळा लागेपर्यंत तीन-चार महिन्यांचं होतं, आणि तोवर त्याच्या आतड्यात वीतभर लांबीचे पांढरे गोल जंत वाढू शकतात. पहिलं औषध दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास, वजनाच्या अंदाजाने द्यावं. उशीर झाला असेल तर कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. खूप जंत एकदम मेले तर त्यांचाच बोळा आतड्यात अडकतो. औषधानंतर दोन-तीन दिवस लीद काठीने उकलून पाहावी आणि ती घोडीच्या चाऱ्यापासून लांब, खड्ड्यात टाकावी.