जुळ्यांतल्या दुसऱ्या बाळाची वाट पाहताना



मागच्या महिन्यात शब्बाथची प्रार्थना सुटल्यावर एका आजीबाईंनी मला सिनेगॉगच्या पायरीवर थांबवले. त्यांची नात परदेशात आहे, जुळी आहेत, पाचवा महिना लागला आहे. त्यांनी विचारले, "सिस्टर, एक बाळ आधीच आलं तर दुसऱ्यालाही लगेच बाहेर काढावंच लागतं का हो?" प्रश्न चांगला होता. उत्तर म्हणून त्यांना आयर्लंडमधली एक खरी हकीकत सांगितली. तीच आज तुम्हा सर्वांसाठी लिहिते.

आपल्या तोरात तामारच्या जुळ्यांची गोष्ट आहे. एका बाळाचा हात आधी बाहेर आला. सुइणीने ओळखीसाठी त्याला लाल दोरा बांधला. पण हात आत गेला आणि जन्मला दुसराच, पेरेस. दोरा बांधलेला जेरह मागाहून आला. आम्ही मुंबईच्या प्रसूती वॉर्डात हेच करत असू. पहिल्या बाळाच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, म्हणजे गोंधळ नको. पहिले झाले की सगळ्यांची नजर घड्याळाकडे. दिवस भरलेले असले तर दुसरे बाळ बहुधा अर्ध्या तासाच्या आत येते. फार उशीर झाला की डॉक्टर हालचाल करतात, कारण रिकाम्या होत चाललेल्या गर्भाशयात वार सुटू लागली तर आतल्या बाळाचा श्वास कोंडतो.

आता आयर्लंडची गोष्ट. तिथल्या वॉटरफर्ड गावच्या सरकारी रुग्णालयात १ जून २०१२ रोजी मारिया जोन्स-इलियट या बाईंना अ‍ॅमी नावाची मुलगी झाली, सुमारे चार महिने आधी. इतक्या अपुऱ्या दिवसांचे बाळ जगणे फार कठीण. दुसरी मुलगी पोटातच होती. कळा थांबल्या. डॉक्टरांनी तिला बाहेर काढण्याची घाई केली नाही. तिची बहीण केटी जन्मली २७ ऑगस्टला, म्हणजे तब्बल ८७ दिवसांनी. दोघीही जगल्या. जुळ्यांच्या जन्मातील सर्वांत मोठे अंतर म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली.

त्या आईची अवस्था डोळ्यांपुढे आणा. एक मूल काचेच्या पेटीत, नळ्या लावलेले. दुसरे अजून पोटात लाथा मारते आहे. ती बाळंतीणही आहे आणि गरोदरही. पहिलीसाठी दूध काढावे, तर छातीच्या चोळण्याने गर्भाशय आवळून कळा सुरू होण्याची भीती. असे दूध काढायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. अशा बाईला घरच्यांनी "नशीबवान आहेस" एवढेच म्हणून सोडू नये. तिच्याजवळ बसावे, पेटीतल्या बाळाची रोजची खबर तिला आणून द्यावी.

हे शक्य कसे होते? प्रत्येक बाळाची पाण्याची पिशवी वेगळी आणि वारही वेगळी असेल तरच. पहिल्या बाळाची नाळ वरपर्यंत, गर्भाशयाच्या तोंडाजवळ बांधून कापतात आणि तिची वार आतच राहू देतात. माझ्या पिढीच्या नर्सला हे ऐकून घाम फुटेल. वार आत राहिली म्हणजे धावाधाव, हेच आम्ही शिकलो. पण इथे ती मुद्दाम ठेवलेली असते. जंतू वाढू नयेत म्हणून अँटिबायोटिक देतात आणि आतल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून गरजेप्रमाणे आईला स्टेरॉइडची इंजेक्शने. दोन्ही बाळांची वार एकच असेल, रक्तस्राव होत असेल, किंवा जंतुसंसर्गाची खूण असेल, तर हा मार्ग बंद. बहुतेक ठिकाणी अंतर मिळते ते काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे. ८७ दिवस हा अपवाद आहे, नियम नव्हे.

आणि इथेच मला खरे सांगायचे आहे. वाट पाहणे हाही उपचार आहे, पण कोणीतरी सतत पाहत असेल तरच. त्याच वर्षी, त्याच देशात, केटीच्या जन्माला दोन महिने होत होते तोच, बेळगावची लेक सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात गेली. ती स्वतः दातांची डॉक्टर, वय ३१, सतरावा आठवडा. तिला जुळी नव्हती. गर्भ वाचणार नाही हे कळले होते, आणि पाण्याची पिशवीही फुटली. तिने व नवऱ्याने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती मानली गेली नाही. जंतू रक्तात पसरले आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गेली. नंतरच्या चौकशीत निघाले की तिची नाडी, ताप, श्वास हे जितक्या वेळा पाहायला हवे होते तितक्या वेळा पाहिले गेले नाही, आणि धोक्याच्या खुणा वेळेवर ओळखल्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी आयर्लंडभर गरोदर बायकांसाठी नाडी-ताप-श्वासाचा एकच तक्ता सुरू झाला. २०१८ मध्ये जनमताने तिथली गर्भपाताविषयीची घटनेतली तरतूदही बदलली.

तोच देश, तेच वर्ष. दोन्ही ठिकाणी वाट पाहिली गेली. एकीकडे दोन मुली घरी गेल्या, दुसरीकडे आईच गेली. दोघींच्या तब्येतीची तुलना मी करत नाही, पण धडा एकच आहे. ताप आला की थांबणे संपले. आपल्या धर्मातही जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, आणि अडलेल्या बाळंतपणात आईचा जीव आधी, असे मिश्नात स्पष्ट आहे.

आता कामाच्या गोष्टी. घरात जुळी येणार असतील तर हे कापून कपाटाला चिकटवा:

१. तिसरा महिना संपता संपता सोनोग्राफी करा आणि विचारा : वार एक की दोन? हे पुढच्या महिन्यांत नीट दिसत नाही. उत्तर कागदावर लिहून घ्या.

२. आईचा रक्तगट माहीत हवा. निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनबद्दल आधीच विचारा.

३. पाणी जाऊ लागले, थेंब थेंब असले तरी, रुग्णालयात जा. "उद्या पाहू" नको.

४. ताप १००.४ किंवा जास्त, हुडहुडी, बसल्या जागी नाडी १०० च्या वर, धाप, पोट दुखणे किंवा दाबल्यावर दुखणे, घाण वासाचा स्राव, बाळांची हालचाल मंदावणे, रक्त जाणे, यातले एक जरी दिसले तरी लगेच जा. अंग थंडगार पडणे हीसुद्धा जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

५. रुग्णालयात बाईने किंवा सोबतच्या माणसाने विचारावे : "शेवटचा ताप कधी पाहिला? किती होता?" हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगल्या नर्सला याचा राग येत नाही. मला कधी आला नाही.

त्या आजीबाईंनी नातीला फोन केला. रिपोर्टमध्ये दोन वारा लिहिलेल्या आहेत. त्यांनी एलियाहू हनबीला मलिद्याचा नवस बोलला आहे. मी म्हटले, नवस जरूर करा, मलिद्याला मीही येईन. पण नातीला सांगा, थर्मामीटर उशाशी ठेव, आणि पाहिलेला आकडा रोज वहीत लिही.